शेवटची सोळा पानं

१२ जानेवारी

सकाळी मुलीचा फोन आला. तिच्या आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, तेही आमच्या रस्त्याच्या टोकाला जो डोळ्यांचा दवाखाना आहे तिथे. त्यांच्या शहरात डॉक्टर नाहीत असं थोडंच आहे, पण या डॉक्टरचा हात हलका म्हणे, आणि आईनेच हा दवाखाना सुचवला. ऑपरेशननंतर महिनाभर दिवसातून चार वेळा थेंब, वाकायचं नाही, वाचायचं नाही. मुलगी आणि जावई दिवसभर कामावर असतात. "बाबा, महिनाभर आई तुमच्याकडे राहिली तर जमेल ना?" जमेल म्हणालो. फोन ठेवून खाली बसलो.

बायको हे घर सोडून गेली त्याला तेरा वर्षं झाली. त्यानंतर या घरात एकदाही आलेली नाही. मुलीकडे कधी समोरासमोर आलो तर "बरे आहात ना" आणि "बरा आहे", एवढंच बोलणं.

ही वही मी उरलेल्या कागदांची शिवून ठेवली होती. माझं शिक्षण सहावीपर्यंत, पण अठ्ठेचाळीस वर्षं लोकांची पुस्तकं बांधली, तेव्हा लिहायची भीती वाटत नाही. बोलायला कोणी नाही म्हणून लिहितो.

१५ जानेवारी

दवाखान्यापर्यंतची पावलं मोजली. दोनशे चौदा. परत येताना दोनशे एकतीस झाली, म्हणून पुन्हा गेलो. दारातला रखवालदार विचारत होता की आजोबा, काही हरवलंय का.

आतली खोली तिला द्यायची. मी बाहेरच्या खोलीत पुठ्ठे आणि दाबयंत्राजवळ झोपेन. नवा दिवा लावला. जुना चालू होता, पण ऐन वेळी गेला तर? कप शोधले तर एकच सापडला. बाकीचे कधी फुटले आठवत नाही. दोन आणले. मग वाटलं, दोन आणले असं तिला दिसलं तर ती म्हणेल मुद्दाम आणले. एक लपवून ठेवला.

१९ जानेवारी

आली. मुलगी सोडून लगेच परत गेली. सोबत एकच पिशवी. केस पूर्ण पांढरे झालेत. दारात उभी राहून तिने सगळीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आहे तसंच आहे." हे चांगलं म्हणून की वाईट म्हणून, कळलं नाही. मी दाराच्या चारही कड्या लावल्या तेव्हा ती माझ्या हाताकडे बघत राहिली. मी म्हणालो, दिवस वाईट आहेत. ती म्हणाली, तुमचे कायमच होते.

जेवण मी केलं. भाजी खारट झाली. तिने पाणी पिऊन पिऊन खाल्ली, बोलली नाही.

२२ जानेवारी

ऑपरेशन काल झालं. नीट झालं. मी बाहेर बसलो होतो तेव्हा नर्स दोनदा येऊन म्हणाली, काका, तुमचंच ब्लडप्रेशर बघू या का.

आज पहिले थेंब घातले. पहिला थेंब गालावर पडला आणि दुसरा कानात. ती डोकं मागे टेकून शांत बसली होती. म्हणाली, "डोळा जरा वरच्या अंगाला आहे." तिसरा बरोबर पडला. भिंतीवर कागद लावलाय, थेंब घातला की खूण करतो. तरी खूण केली पण थेंब घातला नाही असं झालं तर, या विचाराने दिवसभर बेचैन होतो.

२६ जानेवारी

वाचनालयाच्या बाई बांधायला पुस्तकं टाकून गेल्या. एक कादंबरी अगदीच खिळखिळी आहे, बायकांनी वाचून वाचून पाठ मोडलेली. तिचा शेवटचा फर्मा गायब आहे. फर्मा म्हणजे सोळा पानांची एक घडी, अशा घड्या एकावर एक शिवल्या की पुस्तक होतं. मी म्हणालो, बाई, अपुरं पुस्तक मी आजवर बांधलेलं नाही. त्या म्हणाल्या, "बांधा हो. शेवट काय, नवरा-बायको एकत्र येतात. वाचणारणी मनानेच जोडून घेतील."

आतून ती म्हणाली, कोणती कादंबरी? नाव सांगितलं. मग म्हणाली, वाचून दाखवाल का? मला डोळ्यांनी वाचायची बंदी आहे, कानांनी नाही.

२८ जानेवारी

दुपारच्या थेंबांनंतर तास-दीड तास वाचतो. ती काळा चष्मा लावून पलंगावर पडून ऐकते. मी अडखळत वाचतो, पण ती घाई करत नाही.

गोष्ट अशी. एक मोठा डॉक्टर आहे आणि त्याची बायको गाणं शिकवते. काहीतरी गैरसमज होऊन सात वर्षांपूर्वी वेगळे झालेत. आता तळ्याकाठच्या एका पाहुण्यांच्या घरात योगायोगाने दोघांना शेजारच्या खोल्या मिळतात. घराला बावीस खोल्या आहेत. बावीस खोल्या असताना शेजारचीच कशी मिळते? मी हे बोललो तर ती हसली. पुष्कळ वर्षांनी तिचं हसणं ऐकलं. आधी वाटलं खोकला आला.

तिचं डोकं मात्र तल्लख आहे. डॉक्टर बायकोचं पत्र उघडणार इतक्यात ती म्हणाली, आता माळी येईल. पान उलटलं तर खरंच माळी आला.

१ फेब्रुवारी

आज नीट लिहून ठेवतो, कारण दिवसभर मनात घोळतंय. मला वाटतं की तिने इथेच राहावं. महिना झाल्यावर जाऊ नये. पण हे बोलायचं कोणत्या तोंडाने?

ती का गेली हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी कधी हात उगारला नाही, दारू नाही, जुगार नाही. उलट काळजी घेतली. ती शिवणाच्या वर्गाला जायची, तो सहाला सुटायचा. थंडीत अंधार पडतो म्हणून मी तो बंद करायला लावला. तिने एका शब्दाने विरोध केला नाही, म्हणजे तिलाही पटलंच असणार. बाजारात गेली तर मी मागून चार पावलं अंतर ठेवून जायचो, तिला संकोच नको म्हणून. मुलीचं लग्न झालं आणि तीन महिन्यांनी म्हणाली, एका शाळेच्या वसतिगृहात काम मिळालंय, राहायला खोली आहे. पिशवी घेतली, "येते" म्हणाली आणि गेली. वसतिगृहातलं काम वयोमानाने सुटल्यावर मुलीकडे राहायला लागली.

एकच गोष्ट आहे जी तिला माहीत नाही. अठरा वर्षांपूर्वी तिची आई आजारी होती. दुपारी साडेतीनला तिच्या भावाचा फोन मी काम करायचो त्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आला. कागदाच्या कटाईचं यंत्र चालू होतं, एका कानात बोट घालून ऐकलं. आईचं काही खरं नाही, ताबडतोब निघा. घरी जाऊन सांगितलं असतं तर ती रात्रीच्या गाडीने एकटी निघाली असती, कारण मला परीक्षांच्या वह्यांचं काम सोडवत नव्हतं. घाटाचा रस्ता, पावसाळा, एकटी बाई. मी ठरवलं, सकाळी सांगू, दोघं मिळून जाऊ. सकाळी सांगितलं. फोन आत्ताच आला असं सांगितलं. पोचलो तेव्हा म्हातारी पहाटेच गेली होती. ती आईच्या पायाशी बसून एवढंच म्हणाली, कुणी आधी कळवलं असतं तर. भाऊ दुःखात होता, त्याने वेळेचं काही काढलं नाही.

मी हे काळजीपोटी केलं. हे वाक्य मी अठरा वर्षांत स्वतःला किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

५ फेब्रुवारी

थेंब आता पहिल्या झटक्यात पडतात. लपवलेला कप तिला सापडला. काही न बोलता तिने तो वापरायला घेतला. म्हणजे मी घाबरलो तसं काही झालं नाही.

गोष्ट संपत आली. वाचनालयात दुसरी प्रत नाही. बाई म्हणाल्या, ओळखीत विचारते. शेवट नाही असं मी तिला अजून सांगितलेलं नाही. त्या दिवशी बाई बोलल्या तेव्हा ती आतल्या खोलीत होती, तिने ऐकलं असेल असं वाटत नाही. पुस्तक संपलं की दुपारी काय करायचं? मी पाय दुखतो म्हणून दोन दिवस वाचलं नाही, तेवढेच दिवस वाढले.

९ फेब्रुवारी

छापलेली पानं काल संपली. डॉक्टर तळ्याकाठी उभा आहे, बायको सामान घेऊन जिन्यावरून उतरते आहे, आणि पुढे काही नाही.

बाईंना दुसरी प्रत मिळाली नाही. पुस्तकाची जाडी पुठ्ठ्यात नीट बसावी म्हणून मी शेवटी एक कोरा फर्मा शिवला. उद्या त्या कोऱ्या पानांवरूनच वाचेन. एकत्र येतात हे तर ठरलेलंच आहे, दोन-चार वाक्यं बोलून शेवट करायचा. तिला काळ्या चष्म्यातून काय दिसणार? आत्ता मनात जुळवून पाहिलं. "मला क्षमा कर." "केली." एवढ्याने सोळा पानं होत नाहीत.

१० फेब्रुवारी

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी कोरं पान समोर धरून वाचायला लागलो. बायको जिना उतरली. डॉक्टर म्हणाला, जाऊ नकोस. ती म्हणाली, का? आता इथे डॉक्टरने काहीतरी सांगायला हवं होतं. मी पान उलटलं. मला दुसरं काही सुचेना. माणसाजवळ असतं तेच बाहेर येतं. डॉक्टर म्हणाला, तुझ्यापासून एक गोष्ट लपवली. तुझ्या भावाचा निरोप दुपारी साडेतीनलाच आला होता. मी तो तुला सकाळी सांगितला. तू रात्री एकटी जाशील याची भीती वाटली. कटाईच्या यंत्राचा आवाज होता, तरी मला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं.

मी थांबलो. रस्त्यावरून कोणीतरी हातगाडी ढकलत नेत होतं, ती जाईपर्यंत आम्ही दोघं तिचा आवाज ऐकत होतो.

मग ती म्हणाली, "डॉक्टरच्या दवाखान्यात कटाईचं यंत्र कुठून आलं?"

मी पुस्तक मिटलं.

"मी ही कादंबरी दोनदा वाचली आहे," ती म्हणाली. "शेवटी ते दोघं नावेत बसतात. निरोपाचं काही नाही त्यात."

तिने विचारलं, "दुपारी साडेतीनला?"

"हो."

"रात्रीची गाडी आठची होती."

"हो."

तिने भिंतीकडे तोंड केलं. संध्याकाळच्या थेंबांची वेळ झाली तेव्हा मी बाटली घेऊन उभा राहिलो. ती उठून बसली, डोकं मागे टेकलं, डोळा उघडा ठेवला. थेंब घालून झाल्यावर पुन्हा भिंतीकडे वळली.

१३ फेब्रुवारी

बोलत नाही. थेंबांपुरती डोकं मागे करते. माझं तोंड मीच शिवून टाकायला हवं होतं. अठरा वर्षं सांभाळलेलं, आणि फुकाच्या कादंबरीपायी सांडलं.

१५ फेब्रुवारी

बोलत नाही.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी तपासलं. डोळा छान आहे, नव्या चष्म्याचा नंबर दिला. मुलीकडे गेलात तरी चालेल, म्हणाले. मी म्हणालो, महिना व्हायला अजून चार दिवस आहेत. डॉक्टर म्हणाले, आजोबा, डोळ्याला कॅलेंडर नसतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. तिच्या आईने आत जाऊन घेतला. दार उघडंच होतं म्हणून ऐकू आलं. ती म्हणत होती, नको, रविवारी येऊ नकोस, अजून नाही. मुलीला सुट्टी मिळत नसणार. बिचारीने आईला थोपवून ठेवलंय आणि आईला माझ्या घरात नाइलाजाने दिवस काढावे लागतायत.

१९ फेब्रुवारी

आज बोलली. मी पुठ्ठे चिकटवायची खळ शिजवत होतो. मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उद्या आईच्या गावी जाऊन येते. भावाला भेटायचंय."

मी म्हणालो, बरं.

"आठच्या गाडीने."

पातेल्यात खळ लागली. रात्रीचा प्रवास, तोच घाट, ऑपरेशन झालेला डोळा. तोंडापर्यंत आलं होतं की सकाळची गाडी आहे, मी येतो बरोबर. गिळलं. म्हणालो, "सांभाळून जा."

ती अजून उभीच होती. वाटलं, आणखी काही बोलेल. मग पातेलं उतरवा म्हणाली आणि आत गेली.

२० फेब्रुवारी

गेली. थेंबांच्या वेळा मोठ्या अक्षरात लिहून कागद दिला, तो तिने घेतला. थांब्यापर्यंत मी गेलो नाही. तिने बोलावलं नाही आणि मागून चार पावलं चालत जायचं धाडस झालं नाही. दारात "येते" म्हणाली. जाताना सगळेच तसं म्हणतात. तेरा वर्षांपूर्वीही म्हणाली होती.

२१ फेब्रुवारी

सकाळी तिच्या भावाच्या मुलाचा फोन आला की आत्या सुखरूप पोचली. मग झोप लागली.

दुपारी आतल्या खोलीत गेलो. दोरीवर तिचे कपडे वाळत आहेत. उशीजवळ फणी, पलंगाखाली घरातल्या चपला, खुंटीवर लोकरीची शाल. नव्या चष्म्याची दुकानाची पावतीसुद्धा कपाटावर तशीच आहे. एवढं सगळं विसरून गेली. माझ्या घरातून सुटायची किती घाई झाली असेल तिला. मला वाईट वाटलं, पण जास्त काळजी शालीची वाटली. भावाच्या गावात थंडी असते.

भावाकडून ती सरळ मुलीकडे जाईल. सामान मुलीच्या पत्त्यावर पाठवून द्यायला हवं. सगळं घडी करून, खालीवर पुठ्ठे घालून, तपकिरी कागदात बांधलं. मेण लावलेल्या दोऱ्याने चारही बाजूंनी आवळलं. पार्सलवाल्याकडे गेलो तर अर्धा दिवस म्हणून बंद. उद्या रविवार. सोमवारी सकाळी पहिलं काम हेच.

आतली खोली आता मोठी दिसते.

२२ फेब्रुवारी

हे लिहितोय आणि आत दिवा लागलेला आहे.

दुपारी चारला दार वाजलं. कड्या काढेपर्यंत बाहेरून ती म्हणाली, सावकाश, गाडी सुटत नाहीये. ती होती. हातात तीच पिशवी. आत आली, आणि टेबलावरच्या पार्सलवर मुलीचा पत्ता मी ठळक अक्षरात लिहिला होता तो तिने वाचला. नवा चष्मा नसतानाही वाचला.

"हे काय?"

"तुझं सामान. तू विसरून गेली होतीस."

तिने पार्सलला हात लावून पाहिलं. बराच वेळ हात तिथेच होता. "म्हणजे मी जावं?"

मी म्हणालो, तसं नाही, शाल राहिली होती, तिकडे थंडी असते, चपलाही राहिल्या होत्या, मला वाटलं आता तू येत नाहीस.

ती खुर्चीवर बसली. प्रवासाने थकलेली दिसत होती. मग सांगायला लागली, माझ्याकडे न बघता. भावाने सांगितलं की आई त्या दुपारपासूनच बोलत नव्हती. रात्री पोचली असतीस तरी ओळखलं नसतं.

"पण मी तिच्याजवळ बसले असते," ती म्हणाली. "तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलंत."

"हो," मी म्हणालो. काळजीपोटी, हे शब्द तोंडात आले नाहीत. बरं झालं.

"ते माझ्या मनातून जाणार नाही."

"नको जाऊ दे."

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने पायातल्या चपला काढल्या, तळवे फरशीवर टेकवले आणि लगेच वर उचलले, फरशी गार होती.

"उघडा ते," ती म्हणाली. "मला चपला हव्यात."

मी गाठ सोडवायला बसलो. बाइंडरची गाठ सुटण्यासाठी मारलेलीच नसते, त्यात मेणाचा दोरा. नखं घातली, दाभण घातलं, दातांनी ओढून पाहिलं. एक पदर ढिला झाला तर दुसरा आवळला. ती पाय वर घेऊन बघत बसली होती.

"कापा की."

"दोरा चांगला आहे. लांब आहे, पुन्हा उपयोगी पडेल."

"कापा," ती म्हणाली. "पाय गार पडलेत माझे."

मी कात्री घेतली आणि कापला.